गोष्टीतली माणसं, पोस्टकार्डावर

थानप्पा हा मालगुडीचा पोस्टमन. आर. के. नारायण यांच्या ‘द मिसिंग मेल’ या कथेत तो विनायक मुदली स्ट्रीट आणि शेजारच्या चार रस्त्यांवर टपाल वाटतो. भाग एवढासाच, पण फेरी पुरी व्हायला सहा तास लागतात, कारण थानप्पा नुसतं पत्र टाकून पुढे जात नाही. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची मनीऑर्डर अडली, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, सगळं त्याला ठाऊक असतं. रामानुजमच्या कामाक्षीसाठी स्थळही तोच सुचवतो. मुहूर्त ठरतो, मांडव पडतो आणि ऐन वेळी रामानुजमच्या नावे एक कार्ड येतं : काका अत्यवस्थ आहेत. पाठोपाठ तार येते. थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो. लग्न निर्विघ्न पार पडल्यावर स्वतःच ती घरी नेऊन देतो आणि तक्रार करायची असेल तर करा, असंही सांगतो.

आता हा माणूस पोस्टकार्डावर काढायचा आहे. काय काढाल? खाकी कपडे, खांद्यावर थैली, हातात पत्रांचा गठ्ठा? तो कुठलाही पोस्टमन झाला. थानप्पा दिसायला हवा असेल तर मांडवाच्या दारात उभा असलेला, वऱ्हाडी मंडळींकडे हसून बघणारा आणि एक हात थैलीवर घट्ट दाबून धरलेला माणूस काढावा लागेल. त्या थैलीत काय आहे हे चित्र सांगणार नाही. ते कळण्यासाठी कथा वाचावी लागेल.

कथेतल्या पात्रांवर पोस्टकार्डं काढण्याच्या कलेचं सगळं मर्म मला या एका उदाहरणात दिसतं. पोस्टकार्डावर गोष्ट सांगायची नसते, माणूस उभा करायचा असतो. तो इतका नेमका उभा राहायला हवा, की कार्ड हातात पडणाऱ्याला त्याच्याविषयी कुतूहल वाटावं आणि त्यानं पुस्तक शोधावं. बंगळुरूमध्ये राहून या कामाकडे बघताना हा विचार सारखा पक्का होत जातो, कारण या विषयाचे बरेच धागे याच शहरात येऊन मिळतात.

मालगुडीचं जन्मगाव

नारायण यांचा जन्म १९०६ साली मद्रासचा. उमेदीची वर्षं म्हैसूरमध्ये गेली. मालगुडी मात्र त्यांना सुचलं ते बंगळुरूमध्ये. ‘माय डेज’ या आत्मकथनात त्यांनी ती हकिकत लिहून ठेवली आहे. १९३० च्या सप्टेंबरात आजीनं काढून दिलेल्या शुभ दिवशी त्यांनी एक वही विकत घेतली. काय लिहावं याचा विचार करत असताना डोळ्यांसमोर आलं ते एक लहानसं रेल्वे स्टेशन. त्या स्टेशनाभोवती पुढे गाव वसलं, नदी आली, शाळा, बाजार, पुतळे आले. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ मध्ये ग्रॅहम ग्रीनच्या प्रयत्नांमुळे लंडनहून प्रसिद्ध झालं.

म्हणजे मालगुडीत शब्दांच्या आधी चित्र आलं. चित्रकाराच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. नारायण वर्णनात फार रमत नाहीत. चेहरामोहरा दोन ओळींत आटपतात, पण माणूस कुठे उभा आहे, काय विकतो आणि कुणाच्या उजेडात बसतो, हे चोख सांगतात. ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे’ मधला ज्योतिषी घ्या. चिंचेच्या झाडाखाली त्याचं ठाण. कपाळावर भस्म आणि कुंकू, डोक्याला भगवा फेटा, पुढ्यात कवड्या, आकृत्या काढलेलं कापड, वही, ताडपत्रांचा जुडगा. आजूबाजूच्या दुकानांत कुठे गॅसबत्ती, कुठे खांबाला बांधलेला पलिता, कुठे सायकलचा जुना दिवा. ज्योतिषाकडे स्वतःचा दिवा नाहीच. शेजारच्या शेंगदाणेवाल्याच्या उजेडावर त्याचा धंदा चालतो आणि तो उजेड विझला, की हाही गाशा गुंडाळतो.

इतका तपशील हाताशी असला, की अर्धं काम झालंच. उरलेलं अर्धं म्हणजे क्षण निवडणं. या कथेत शेवटचं गिऱ्हाईक चिरूट पेटवण्यासाठी काडी ओढतं आणि त्या उजेडात ज्योतिषाला त्याचा चेहरा दिसतो. कथा तिथून वळते. चित्रकारानं थांबायचं तेही तिथेच. काळोख, मधोमध पेटलेली एक काडी, एका बाजूला उग्र चेहरा, दुसऱ्या बाजूला भगव्या फेट्याखाली विस्फारलेले डोळे. पुढे काय होतं, ते कार्डावर आणायचं नाही. नवशिका चित्रकार नेमका शेवट काढायला जातो आणि कथेचा रस पहिल्याच नजरेत सांडतो. कळसाच्या थोडं अलीकडे थांबलेलं चित्र मात्र बघणाऱ्याला पुढे ओढत नेतं.

लक्ष्मण यांची रेघ

मालगुडीच्या माणसांना चेहरे दिले ते नारायण यांच्या धाकट्या भावानं. आर. के. लक्ष्मण म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकत असतानाच ‘द हिंदू’मध्ये येणाऱ्या भावाच्या कथांसाठी चित्रं काढत होते. त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलनं त्यांना प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १९५१ पासून त्यांचा कॉमन मॅन रोज येऊ लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि दोन्ही कानांवरचे केसांचे झुबके एवढ्या भांडवलावर त्यानं सगळा देश पाहिला. १९८८ मध्ये तो टपाल तिकिटावरही आला. लक्ष्मण यांचं अखेरचं वास्तव्य पुण्यात होतं. २६ जानेवारी २०१५ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

लक्ष्मण यांच्या कथाचित्रांतून पोस्टकार्ड काढणाऱ्यानं शिकण्यासारखं खूप आहे. त्यांची माणसं उभी कशी राहतात, ते पाहावं. कुणाच्या पाठीला पोक, कुणाची मान पुढे, कुणाची छत्री काखेत. चेहरा झाकून टाकला तरी माणूस ओळखू येतो. पोस्टकार्डाच्या आकारात चेहऱ्याला मिळते जेमतेम नखाएवढी जागा. तिथे भुवईची रेघ हरवते, पण खांदे पाडून उभं राहण्याची ढब हरवत नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ आली. दिग्दर्शक शंकर नाग. मराठी वाचकांना त्यांची आणखी एक ओळख असायला हवी : ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता. मालिकेचं चित्रीकरण शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंब्यात झालं, कला दिग्दर्शन बंगळुरूचे जॉन देवराज यांनी केलं आणि शीर्षकाला लक्ष्मण यांची चित्रं होती. मास्टर मंजुनाथ या मुलानं केलेला स्वामी इतका घराघरांत पोचला, की अनेकांच्या मनात आजही स्वामी म्हणजे तोच. त्याच जिल्ह्यातलं अरसाळू हे स्टेशन मालिकेत मालगुडी झालं होतं. रेल्वेनं त्याची जुनी इमारत दुरुस्त करून २०२० मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय उघडलं. म्हैसूर आणि येलहंका यांच्या दरम्यान मालगुडी एक्स्प्रेस नावाची गाडीही धावते. कल्पनेतल्या गावाला खरं स्टेशन आणि खरी गाडी मिळावी, असं भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

पाव आण्यापासून पुढे

जगातलं पहिलं पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आलं आणि किंमत होती पाव आणा. हे सरकारी कार्ड अगदी साधं होतं. चित्रांची कार्डं नंतर आली आणि एकोणिसावं शतक संपता संपता त्यांची जगभर लाट उसळली. सुरुवातीच्या कार्डांवर एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेलाच दाटीवाटीनं लिहावा लागे. १९०२ मध्ये ब्रिटननं पत्त्याची बाजू मधोमध विभागायला परवानगी दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी. चित्रकाराला ही जागा टपालखात्याच्या एका नियमानं मिळवून दिली.

त्या लाटेत महाराष्ट्र मागे नव्हता. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून पुराणकथांतली पात्रं भिंतीवरच्या तसबिरींबरोबर पोस्टकार्डांवरूनही घरोघर पोचली. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं मराठी नाव. जे. जे. स्कूलचं संचालकपद सांभाळणारे ते पहिले भारतीय. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईतल्या माणसांची रंगीत पोस्टकार्डं केली. रस्त्यात, दारात, बाजारात दिसणारी माणसं त्यांच्या हातून अशी उतरली, की प्रत्येकामागे एखादी कथा असावी असं वाटतं. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ची चित्रंही त्यांचीच.

आपल्या विषयाला अगदी जवळचं त्यांचं काम म्हणजे १९१४ चं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. चातुर्मासात वाराप्रमाणे वाचल्या जाणाऱ्या आपल्या कहाण्या सी. ए. किंकेड यांनी इंग्रजीत आणल्या आणि धुरंधरांनी त्यांची चित्रं काढली. आटपाट नगरातला राजा, नावडती राणी, गरीब ब्राह्मण ही सगळी नाव नसलेली पात्रं. धुरंधरांनी त्यांना दख्खनी लुगडी, पगड्या, वाड्यांचे चौक आणि देवळांच्या पायऱ्या दिल्या. पात्राला गाव मिळालं की ते खरं वाटू लागतं, हा धडा त्या चित्रांतून आजही घेता येतो.

दिवाळी अंकांची पुण्याई

कथेच्या पात्राला चेहरा देण्याची सवय मराठी वाचकाला दिवाळी अंकांनी लावली. १९१६ मध्ये जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केलं आणि कथाचित्र ही मराठीत एक स्वतंत्र कला म्हणून बहरली. रघुवीर मुळगावकर घराघरांत पोचले. वसंत सरवटे पेशानं स्थापत्य अभियंते, पण कथा वाचून तिच्या गाभ्यावर नेमकी रेघ ओढणारा त्यांच्यासारखा चित्रकार विरळा. जयवंत दळवींनी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ या नावानं सदर लिहिलं. हे केवळ टोपणनाव. त्याला चेहरा नाही, अंग नाही. सरवट्यांनी त्याच्या हाती भला थोरला हातोडा दिला आणि ठणठणपाळ जन्माला आला. लोकांनी तो हातोडा इतका मनावर घेतला, की लेखकाचं खरं नाव कळल्यावरही डोळ्यांसमोर येत राहिला तो हातोडेवालाच. पात्राच्या हातात कोणती एक वस्तू द्यायची, हा निर्णय किती दूर जाऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

कन्नड नियतकालिकांतही अशीच परंपरा आहे. ‘सुधा’ आणि ‘मयूर’मधल्या कथांना चंद्रनाथ आचार्य यांनी काढलेली चित्रं कन्नड वाचकांच्या पिढ्यांच्या स्मरणात आहेत. पॉल फर्नांडिस यांनी जुन्या बंगळुरूतले रस्ते, घोडागाड्या, बेकऱ्या आणि तऱ्हेवाईक माणसं रंगवली. त्यांची पात्रं पुस्तकातली नाहीत, शहराच्या आठवणीतली आहेत, पण एका चौकटीत माणसाचा स्वभाव कसा पकडावा, हे तिथे शिकायला मिळतं. कस्तुरबा रस्त्यावर २०२३ मध्ये उघडलेलं ‘मॅप’ हे कला आणि छायाचित्र संग्रहालय आणि म्युझियम रोडच्या पोस्ट ऑफिसातलं टपालखात्याचं ‘संदेश’ संग्रहालय, या दोन जागा हे काम करू पाहणाऱ्यानं सवडीनं बघाव्यात.

कार्ड घडतं कसं

पहिली पायरी वाचनाची. कथा निदान दोनदा वाचावी. दुसऱ्या वाचनात हातात पेन्सिल घेऊन पात्राबद्दल लेखकानं प्रत्यक्ष काय लिहिलंय, तेवढंच टिपावं : वय, कपडे, हातातली वस्तू, वेळ, उजेड, सभोवताल. लेखक जिथे गप्प आहे, तेवढीच जागा चित्रकाराची.

दुसरी पायरी पायपिटीची. मालगुडी नकाशात नाही, पण मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलं विकणाऱ्या बायका, गांधी बाजारातले केळीची पानं बांधणारे हात, बसवनगुडीतल्या जुन्या घरांचे कट्टे हे सगळं आजही बघायला मिळतं. वहीत ओणवून केलेली दहा रेखाटनं, इंटरनेटवरून उतरवलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा जास्त कामाला येतात. फुलवाली सुई कशी धरते, गजरा मोजताना हाताचं माप कसं घेते, हे बघितल्याशिवाय काढलं की बघणाऱ्याला लगेच कळतं.

तिसरी पायरी मांडणीची. आपलं सरकारी पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. खासगी चित्रकार्ड बहुधा सहा इंच बाय चार इंचांचं करतात. एवढ्या जागेत एक माणूस, एक वस्तू आणि एक जागा पुरे. कच्चं चित्र तिकिटाएवढं लहान करून बघावं. तेवढ्या आकारातही आकृती ओळखू आली तर मांडणी पक्की. नारायण यांच्या ‘अ हॉर्स अँड टू गोट्स’ मध्ये एकमेकांची भाषा न कळणारी दोन माणसं एका मातीच्या घोड्यापाशी बोलत राहतात. तिथे घोडा अख्खं कार्ड व्यापणारा आणि माणसं त्याच्या पायांशी लहानशी काढली, की सगळा प्रसंग एका नजरेत येतो.

मग छपाई. सहा बाय चारच्या कार्डासाठी ३०० डीपीआयवर १८०० बाय १२०० पिक्सेलची फाइल लागते आणि चारी कडांना तीन मिलिमीटर ब्लीड ठेवावं लागतं, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते. रंग छपाईच्या चार शाईंच्या हिशोबानं तपासावेत, कारण पडद्यावरचा झगझगीत भगवा कागदावर मळकट उतरू शकतो. कागद ३०० जीएसएमच्या आसपासचा जाड असावा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागची बाजू गुळगुळीत नको. चकचकीत कागदावर शाई फिसकटते आणि टपालाचा शिक्काही पुसट होतो.

मागची बाजू ही उरलेली जागा नव्हे. तिथे पात्राचं नाव, कथेचं नाव, लेखकाचं नाव आणि चित्रकाराचं नाव हवंच. पिनकोडच्या सहा चौकटीही हव्यात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडमागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी मराठी अधिकारी होते. त्या चौकटी काढताना त्यांची आठवण मला आवर्जून येते.

हक्कांचा हिशोब

चित्र हौसेनं काढून मित्राला पाठवणं वेगळं आणि संच छापून विकणं वेगळं. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं साहित्यावरचा हक्क टिकतो. नारायण २००१ साली गेले, म्हणजे मालगुडीवरचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत आहे आणि तोवर थानप्पाचं कार्ड विकायचं तर परवानगी घ्यायलाच हवी. पु. ल. देशपांडे २००० मध्ये आणि व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले. त्यामुळे अंतू बर्वा असो की माणदेशी माणसं, नियम तोच. चित्रकाराचा हक्क लेखकाच्या हक्काहून वेगळा असतो. दलालांचं १९७१ मध्ये निधन झालं, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरीस संपेल. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच सर्वांची झाली आहेत.

आणि याच हिशोबात मराठी चित्रकारांसाठी मोठी संधी दडलेली आहे. चिं. वि. जोशी यांचं निधन १९६३ चं. त्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून त्यांचं साहित्य सर्वांसाठी खुलं झालं. चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ, मोरू ही सगळी मंडळी आता कुणाही चित्रकाराच्या कागदावर यायला मोकळी आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या तर कधीचे मोकळे आहेत. गडकऱ्यांची ‘बाळकराम’मधली ठकी, श्री. म. माटे यांनी ‘उपेक्षितांचे अंतरंग’मध्ये रंगवलेली माणसं, साने गुरुजींचा श्याम यांनाही आता आडकाठी नाही. एक पथ्य पाळायचं : चिमणरावांना दिलीप प्रभावळकरांचा किंवा गुंड्याभाऊंना बाळ कर्व्यांचा चेहरा द्यायचा नाही. मालिकेतला चेहरा नटाचा आहे, पुस्तकातला अजून काढायचा राहिला आहे.

मुलांसाठी काम करणाऱ्यांना बंगळुरूनं आणखी एक दार उघडून दिलं आहे. इथल्या ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हा खुला मंच सुरू केला. मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी तिथे खुल्या परवान्यानं मिळतात. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं नीट दिली, की त्यांतलं चित्र कार्डावर वापरता येतं. शाळेतल्या एखाद्या बाईंना वर्गासाठी संच करायचा असेल तर सुरुवात इथून करावी.

पुढच्या दिवाळीसाठी

रशियात इवान बिलिबिन यांनी लोककथांना दिलेली चित्रं आणि फिनलंडमध्ये तूवे यान्सन यांचे मूमिन पोस्टकार्डांवर बसून देशोदेशी गेले. ज्यांनी मूळ पुस्तकं कधी उघडलीही नव्हती, त्यांच्या हातात आधी कार्ड पडलं. आपल्याकडे पात्रांचा तुटवडा नाही, चित्रकारांचा नाही, वाचकांचाही नाही. उणीव आहे ती या तिघांना जोडणाऱ्या साध्या, स्वस्त वस्तूची.

माझी सूचना सरळ आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढच्या वर्षी अंकाबरोबर सहा पोस्टकार्डांचा एक संच द्यावा. दोन पात्रं चिं. विं.ची, दोन कोल्हटकरांची, एक माट्यांचं आणि एक याच अंकातल्या नव्या कथेतलं, तिच्या लेखकाच्या संमतीनं. सहा कार्डं सहा तरुण चित्रकारांकडून करून घ्यावीत, त्यांना रास्त मानधन द्यावं आणि प्रत्येक कार्डामागे चित्रकाराचं नाव ठळक छापावं. वाचकानं एवढंच करायचं, की संच फाइलमध्ये जपून न ठेवता तिकिटं लावून सहा घरी पाठवायचा, त्यांतल्या निदान दोन घरी मराठी वाचता येऊ लागलेलं मूल असावं. गुंड्याभाऊ कोण, असा त्या मुलाचा प्रश्न आला, की उत्तर म्हणून पुस्तक पाठवता येईल.